भुईवर घेतलं का

हौसानं आणि मी मिळून जे शेवटचं काम केलं, ते गोधडी पिळायचं. गोधडीला दोन माणसं लागतात. एकानं हे टोक धरायचं, दुसऱ्यानं ते, आणि एकमेकांच्या उलट पीळ द्यायचा. मुळा धरणाच्या पाण्यात बोट नांगर टाकून उभी होती. दुपारचं ऊन तिच्या पांढऱ्या पाठीवर पडलं होतं. बगळ्यानं गोधडीवर घाण केली होती म्हणून हौसानं ती नुसत्या पाण्यात बुचकळून काढली होती. बोट डुलत होती, त्यामुळं ती पाय फाकवून उभी. आणि मी, नेहमीसारखा, ती फिरवते त्याच अंगाला फिरवायला लागलो. गोधडी नुसती गरगर फिरली, पाण्याचा थेंब निघेना.

"अवो, माझ्या उलटं फिरवा," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून उलटंच वागलात, आन् आजच बरं सुलटं सुचलं."

मग मी उलटं फिरवलं. पीळ बसला, पाणी तिच्या पायांवर सांडलं, तिनं पाय झटकले. गोधडी दोरावर टाकली. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण मला तेच आठवतं.

त्या संध्याकाळी तिला पित्त झाल्यासारखं वाटत होतं. भाकरी नको म्हणाली. कपभर दूध घेतलं आणि बोटीतल्या निजायच्या फळीवर आडवी झाली. सकाळी उठली नाही. डॉक्टरनं नंतर सांगितलं, झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. आलं असेल. पण ते पाण्यावर आलं. आता वर्ष होत आलं, तरी त्याची लाज माझ्या अंगावरून उतरत नाही.

लाज का, ते सांगतो. आमच्यात माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून खाली घेतात. शेणानं सारवलेल्या जागेवर निजवतात, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालतात, डोक्याची दिशा बघतात. अंगात धुगधुगी आहे तोवर पाठीला भुई लागली पाहिजे. एखादा खाटेवरच गेला तर लोक हळहळतात आणि घरच्यांना बोल लावतात. माझ्या बापाला मी खाली घेतलं, आईला घेतलं. माझ्या सासूला रावसाहेबानं आणि मी दोघांनी धरून घेतलं.

रावसाहेब म्हणजे हौसाचा धाकटा भाऊ. वांबोरीच्या अंगाला त्याची शेती आहे. लहानपणी आई रानात असायची, तेव्हा हा अक्काच्या कडेवर वाढला. मोठा झाला, आजोबा झाला, तरी अक्का आली की दारात उभा राहून म्हणायचा, "काय आनलं मला?" हौसा त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायची. हौसा गेली त्या दिवशी तो आला तोवर तिला काठावर आणून आंघोळ घातलेली होती. तो काही बोलला नाही. दहाव्याला बोलला, आणि सगळ्यांसमोर बोलला.

"दाजी, अक्काला भुईवर घेतलं का?"

मी पिंडाकडं बघत राहिलो. हौसाचा एक म्हातारा चुलतभाऊ शेजारी होता. त्यानं मला सोडवायला म्हणून दुसरंच विचारलं, "बरं, डोकं कुठं हुतं?"

"पुढं."

"पुढं म्हंजी? उत्तरंला का दक्षिनंला?"

"बोट फिरती असती," मी म्हणालो. "रातीतून कितीदा फिरली, काय सांगू."

मागं कुणीतरी हसलं. त्याचा दोष नाही, ऐकायला ते हसण्यासारखंच आहे. रावसाहेब हसला नाही. तेवढ्यात पिंडाला कावळा शिवला, वाट बघायला न लावता. बायकांनी हात जोडले. एक म्हणाली, "बगा, काई इच्छा न्हवती राहिली."

"कावळ्याला काय," रावसाहेब म्हणाला, "भूक लागली असंल."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. आता वर्षश्राद्ध आलं. बहिणीच्या वर्षश्राद्धाला भाऊ येणार का नाही, हे माझ्या तोंडावर अडलं आहे, आणि ते तोंड काही उघडत नाही.

मी सध्या नगरला, सावेडीत मुलाकडं असतो. बाळू त्याचं नाव, केस पांढरे झाले तरी बाळूच. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दिवाळी झाली की सकाळचं गार वारं बाल्कनीत येतं. त्याला धरणाचा वास नसतो. पण अंगावर आलं की अंग ओळखतं, आणि मी नकळत पाय फाकवून उभा राहतो. खाली फरशी घट्ट असते. मग पाय जवळ घेतो आणि कुणी बघितलं का ते बघतो.

सून सुनीता चांगली आहे. "अण्णा, तुमचे कपडे मशीनला टाका ना," म्हणते. मी म्हणतो, धुतले. धोतर तिला देतो, आतले कपडे देत नाही. ते मी आंघोळीला गेलो की धुतो आणि टॉवेलच्या खाली दडवून वाळत घालतो. माझं असलं काही हौसाशिवाय कुणाच्या हाताला लागलेलं नाही. आता सुनेच्या हातात ते द्यायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण एकट्या माणसाला पिळता येत नाही. मी नळाला गुंडाळून पिळून बघितलं, तर नळच ढिला झाला. बाळूनं प्लंबर आणला, एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. परवा खालच्या बाल्कनीतल्या बाई वर बघून म्हणाल्या, "आजोबा, तुमच्याकडून पाणी ठिबकतंय का? माझे पापड आहेत खाली." मी आत सरकलो. म्हातारपणी माणूस कशाकशाला तोंड लपवतो, त्याला धरबंद नाही.

तर त्या गार वाऱ्यात मेजरसाहेबांचा, बोटीच्या मालकांचा, फोन आला. "बाबुराव, धरण भरलंय. बोट परवा पाण्यात उतरवतोय. यंदा येताय का? एकटे असलात तरी चालेल."

मी म्हणालो, "रावसाहेबाशी बोलून सांगतो." साहेबांना रावसाहेब कोण ते माहीत नाही. पण त्यांनी ठीक आहे म्हटलं. बायको जिथं गेली तिथं मी परत जाऊन बसलो आणि भावाला अजून उत्तर दिलेलं नाही, असं झालं तर लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच माझं तोंड आरशात बघवणार नाही.

मेजरसाहेबांची आणि माझी ओळख फाटकातली. मी जन्मभर रात्रपाळीचा वॉचमन. आधी एमआयडीसीत एका कंपनीच्या फाटकावर, म्हातारपणी साहेबांच्या बंगल्यावर. साहेब फौजेतून आले आणि अंगणात शेड टाकून बोट बांधायला लागले. शिडाची बोट, आत दोन माणसांना राहायला खोली. सावेडीतले लोक संध्याकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबून हसायचे. "साहेब, नगरात समुद्र कुठून आणायचा?" साहेब म्हणायचे, "समुद्र येत नाही, मी जातो. आधी मुळा, मग पुढचं पुढं." ती पुरी झाली तेव्हा ट्रॉलीवर घालून धरणावर नेली. पाण्यात ठेवायची म्हणजे कुणीतरी वर राहायला हवं, नाहीतर दोर आणि पत्रे रात्रीतून जातात. साहेब मला म्हणाले, "जोडप्यानं राहा. एकटा माणूस तिथं वेडा होईल."

मी घरी येऊन हौसाला सांगितलं. ती मिश्री लावत होती. बोट दातावरच ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

"लोकं म्हातारपनी काशीला न्हेत्यात बायकूला," म्हणाली. "तुमी धरनात न्हेताय."

पण आली. भांडी, दोन गोधड्या, देवाचा फोटो, मिश्रीचा डबा आणि थुंकायला एक रिकामा डबा. काठावरून छोट्या होडीत बसवून मी वल्ही मारत नेली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले होते. बोटीला होडी लागल्यावर म्हणाली, "आलं का?" मी म्हणालो, आलं. "मंग वर वढा, बघताय काय."

आत गेल्यावर पहिली तिनं शेगडी बघितली. ती दोन खिळ्यांवर टांगलेली होती. बोट कुठंही कलली तरी शेगडी सरळच राहायची, तिच्यावरचं पातेलं हलायचं नाही. हौसानं बोटानं ढकलून बघितली. "ही शेगडी हाय का पाळना?" म्हणाली. पुढं रोज भाकरी करताना ती आपण बोटीबरोबर डुलायची आणि तवा जागच्या जागी असायचा. "सगळं घर हालतंय, चूल तेवढी शहानी हाय," म्हणायची.

साहेबांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली होती. नांगर टाकलेली बोट नाकानं बांधलेल्या बैलासारखी असते. नाक एका जागी, बाकी अंग वारा नेईल तिकडं. हे हौसाला पटवायला मला दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी तिनं उगवतीकडं तोंड करून देवाचा फोटो लावला. दुपारी बघते तर देव मावळतीला. तिला वाटलं मीच फिरवला. भांडली. दुसऱ्या दिवशी बसून राहिली आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सकाळी दारातून डोंगर दिसत होता, जेवणाच्या वेळेला धरणाची भिंत आली, उन्हं कलता कलता पलीकडची उसाची रानं. घर एकच आणि दारासमोरचं गाव बदलतं. तिनं तोंडाला पदर लावला आणि हसली. "देवाला बी फिरायला मिळालं," म्हणाली. "किती वर्सं भित्तीला टांगून घेतलं हुतं."

तेव्हा मीही हसलो होतो. आता डोक्याची दिशा विचारणारे लोक आठवतात.

बोटीत कपाटाएवढा संडास होता, पंप मारायचा. हौसानं त्याचं दार पहिल्या दिवशी उघडलं आणि लावलं, परत उघडलं नाही. हे पाणी नगरला जातं हे तिला माहीत होतं. बाळूच्या नळाला हेच पाणी. "लेकाच्या तोंडात जानार ते," म्हणाली, "आन् मी हितं वर बसून घान करू?" त्यामुळं रोज सकाळी अंधुकं असताना आम्ही दोघं होडीत बसून काठाला जायचो. एक टमरेल तिच्या मांडीवर, एक माझ्या पायाशी. ती एका बाभळीमागं, मी दुसऱ्या. परत येताना मासे धरणारे भेटायचे. ते थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढत असायचे. एकजण रोज विचारायचा, "काय मावशी, खाली कधी उतरनार?"

"उतरून आले की आत्ताच," हौसा म्हणायची, आणि टमरेल पदराखाली घ्यायची.

साबण धरणात लावू द्यायची नाही. मिश्री पाण्यात थुंकायची नाही, डब्यात थुंकायची आणि डबा काठावर नेऊन उपडा करायची. एवढ्या मोठ्या पाण्यात एका म्हातारीच्या थुंकीनं काय झालं असतं? मी म्हणालोही. ती म्हणाली, "समदे असंच म्हनत असतील." वर आकाश, खाली पाणी, चारी बाजूला कुणी नाही, आणि ती एकटी बाळूच्या नळाला जपत बसलेली. आज बाळूच्या घरी तोच नळ सोडला की मला ते आठवतं. तोच नळ मी पिळून ढिला केला.

तिथं तिला बरं वाटत होतं, यात मला शंका नाही. तिनंच सांगितलं. एके दिवशी मटार सोलत बसलो होतो. बोटीच्या पोटाला पाणी टकटक करत होतं, कुणी बोटानं दार वाजवावं तसं. ती म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा शेजारीन न्हाई. भांडू कुनाशी? तुमच्याशीच भांडावं लागतंय." मग थोड्या वेळानं, "तसं बरं हाय. तुमी घरात कवा हुता म्हना."

ते खरं होतं. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो आणि बायको जागी असते तेव्हा घोरतो. संध्याकाळी डबा घेऊन निघतो. लग्न झाल्यावर थोडे दिवस सोडले तर तिच्याजवळ अख्खी रात्र मी कधी काढलीच नव्हती. पोरं झाली, नातवंडं झाली, ती त्यांच्यात निजायची आणि मी कुठल्यातरी फाटकावर शिट्टी वाजवत असायचो. बोटीत दोन फळ्या होत्या, एक इकडं, एक तिकडं, मधी हातभर जागा. पहिल्या रात्री मला झोप येईना. डोळे सवयीनं उघडेच. तिकडून ती म्हणाली, "निजा की. हितं कोन चोर येतोय पवत."

मग मी निजायला शिकलो. म्हातारपणी शिकलो. पाणी टकटक करायचं, दोर शिडाच्या काठीवर आपटायचा, ती झोपेत काहीतरी पुटपुटायची, आणि मला गाढ झोप लागायची, लहान पोराला लागते तशी. सकाळी उठलो की अंग हलकं असायचं. साहेब महिन्यातून एकदा यायचे, शीड चढवून दोन तास फिरायचे, परत नांगर टाकून जायचे. म्हणायचे, "बाबुराव, तब्येत सुधारली तुमची." मला तेव्हाच लाज वाटायची, की राखणदाराला पगार देऊन ठेवलंय आणि हा झोपून धष्टपुष्ट होतोय.

आता तीच लाज दुसऱ्या रूपानं येते. जन्मभर मी रात्री जागून लोकांच्या भिंती राखल्या. पत्र्यावर मांजर चाललं तरी मला कळायचं. आणि ती गेली त्या रात्री, माझ्यापासून हातभर अंतरावर, मी झोपलेलो होतो. कण्हली असेल, हाक मारली असेल, नसेल. मला माहीत नाही. जागा असतो तर खाली घेतलं असतं का? खाली म्हणजे कुठं? पण निदान जागा असतो.

त्या हिवाळ्यात मी सुखात होतो, हेही सांगून टाकतो. दिवे लागायच्या वेळेला ती काठीवर कंदील चढवायला लावायची, कुणाचा तराफा आपल्यावर आदळू नये म्हणून. दोर मी ओढायचो आणि ती खालून बघायची. "अजून वर. अजून. बास." काठावरच्या वस्तीतल्या पोरांना म्हणे तो दिवा हडळीचा वाटायचा. हे कळल्यावर हौसा खूश झाली. मासेवाल्याला म्हणाली, "सांग त्यास्नी, हडळ मटार सोलती म्हनावं." असलं काही आठवलं की मी इथं बाल्कनीत एकटाच हसतो. आणि मागोमाग वाटतं, बायको मेली त्या जागेच्या आठवणीनं हा म्हातारा हसतोय, याला काही आहे का.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा गेले. मी गेलो होतो. त्यांना पलंगावरून फरशीवर घेतलेलं होतं, चटई टाकून. सगळे म्हणत होते, वेळेवर खाली घेतलं, बरं झालं. मी फरशीकडं बघत राहिलो. फरशीखाली पहिल्या मजल्यावरच्यांचं स्वयंपाकघर, त्याच्याखाली गाड्या, मग कुठं जमीन. तरी चाललं. कुणी विचारलं नाही. मला वाटलं हे रावसाहेबाला सांगावं. मग वाटलं, मी वाद जिंकायला निघालोय. अक्का त्याची गेलीय आणि मी मजले मोजतोय.

शेवटी सुनीतानं फोन लावून दिला. "मामा, अण्णांना बोलायचंय," म्हणाली आणि आत गेली. मुद्दाम गेली.

"बोला," रावसाहेब म्हणाला. मागं मोटार चालू होती, कांद्याला पाणी सोडलेलं असणार.

"वर्षश्राद्ध हाय. तू ये."

"येतो न. न यायला काय झालं." मोटारीचा आवाज येत राहिला. "दाजी, एकच सांगा. अक्काला भुईवर घेतलं का न्हाई? व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. खोटं बोललात तरी मी ऐकून घेईन. पर बोला."

माझ्या तोंडात शब्द आला होता. व्हय का न्हाई, हेच मला ठरवता येईना.

"फोनवर न्हाई सांगता येत," मी म्हणालो.

"मंग कशावर सांगता येतं?"

फोन मी ठेवला नाही, त्यानंही ठेवला नाही. बराच वेळ मी कांद्याच्या रानातलं पाणी ऐकत बसलो. मग सुनीता आली आणि तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ सून बघणार, म्हणजे हे सगळं आधी तिच्या डोळ्यांखालून जाणार, आतल्या कपड्यांचं सुद्धा. जाऊ दे. लिहिताना समोर कुणाचं तोंड नसतं, एवढा त्याचा फायदा आहे. रावसाहेबाला व्हय म्हणावं का न्हाई, ते त्यानंच ठरवावं. काय केलं तेवढं मी सांगतो.

त्या सकाळी मला उजाडल्यावर जाग आली. ती आधी उठायची, चहा ठेवायची, आणि शेगडी करकरली की मी उठायचो. शेगडी करकरली नाही. मी म्हणालो, "अगं." परत म्हणालो. मग तिच्या पायाला हात लावला. पाय गार होता, आणि तो गारवा हिवाळ्याचा नव्हता. मी वॉचमन माणूस, थंडीत मेलेली माणसं फाटकाबाहेर बघितलेली आहेत. मला कळलं.

रडू आलं नाही. पहिलं मनात आलं ते हे, की ही फळीवर आहे, हिला खाली घ्यायला हवं. मी खाली बघितलं. खाली साहेबांनी घासूनपुसून रोगण लावलेल्या लाकडी फळ्या होत्या. त्यांच्याखाली पोकळी, पोकळीखाली पाणी. होडी मागं बांधलेली होती. काठावर जाऊन माती आणता आली असती. पण मेलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत. आणि मी तिला जिवंतपणी इतक्या राती एकटं सोडलेलं होतं, की आता सोडवेना.

मग मी पुढच्या टोकाला गेलो आणि नांगराचा दोर ओढायला लागलो. साहेबांनी ताकीद दिली होती, मी नसताना नांगर उचलायचा नाही. दोर ओला आणि गार होता. थोडा ओढायचा, खुंट्याला वेढा द्यायचा, दम घ्यायचा, परत ओढायचा. दोर संपल्यावर साखळी आली. तिनं हाताची सालटी काढली. मग खाली काहीतरी सुटलं आणि बोट हलकी झाली. नांगर वर आला, तो मातीनं भरलेला होता. धरण भरायच्या आधी तिथं कुणाचं तरी रान असणार. काळी जमीन, लोण्यासारखी. ती नांगराच्या पात्याला ढेकळाढेकळानं चिकटली होती. मी ती बोटांनी खरवडून तिच्या भाकरीच्या परातीत घेतली. होती तेवढी सगळी घेतली.

सारवण मला येत नाही. ते बायकांचं काम. मी दोन फळ्यांच्या मधल्या जागेत गुडघ्यावर बसलो आणि ती माती हातानं पसरली. बोटांचे फराटे उठले, कुठं जाड झाली, कुठं रोगण दिसत राहिलं. माणूस मावेल एवढी झाली. मग हौसाच्या काखेत हात घातले आणि तिला खाली घेतलं. ती जड होती. मेलेलं माणूस जडच असतं. डोकं एकदा माझ्या खांद्यावर आलं. तिला उताणी निजवली, पदर नीट केला, तोंडात पेल्यानं दोन थेंब पाणी घातलं. तुळस नव्हती. ते पाणी तिच्या ओठावरून गळ्याकडं गेलं, ते मी पुसलं.

अंगात धुगधुगी नव्हती. उशीर झालेला होता, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. बोट मोकळी झाली होती, वाऱ्याबरोबर आडवी चालली होती, दारातून डोंगर सरकत होता. उत्तर कुठं, दक्षिण कुठं, ते धरून ठेवणं माझ्या हातात नव्हतं. पण पाठीला माती लागली होती, ती मी हात घालून बघितली.

शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. म्हणून बाळूच्या आधी मी रावसाहेबाला फोन लावला, चिखलाच्या हातानंच.

"रावसाहेब," म्हणालो, "अक्का गेली. लुगडं घेऊन ये."